‘तोच हा’ आणि ‘अस्तु’

दिल्लीच्या सरोजिनी नगरातील बाजारात उभे राहून एखाद्या वृद्धाने ‘विनयनगर कोठे आहे?’ असे विचारले, तर तरुण दुकानदार त्याला वाट चुकलेला समजेल. वस्तुतः तो स्थळ चुकलेला नसतो, काळ चुकलेला असतो. याच वसाहतीचे पूर्वीचे नाव विनयनगर होते. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी घरेही अलीकडे पाडली गेली आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे जग असेच असते.

अशा माणसासाठी आपल्या भाषेत ‘म्हातारचळ’, ‘साठी बुद्धी नाठी’ हे शब्द तयार आहेत आणि त्यांत उपहासच अधिक आहे. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 मध्ये या विकाराचे मूळ मेंदूतील विकृतीत दाखविले. नवा अनुभव साठविणारा मेंदूचा भाग बहुधा प्रथम क्षीण होतो. म्हणून सकाळचे जेवण विसरते, पण बालपणीचे पाठांतर ओठांवर राहते. डोळा पाहतो, कान ऐकतो. ओळख मात्र पटत नाही. ‘तोच हा देवदत्त’ या ज्ञानाला आपले दर्शनकार प्रत्यभिज्ञा म्हणतात. समोरचे दर्शन आणि पूर्वीचा संस्कार यांच्या संयोगातून ती उपजते. हा संयोगच येथे तुटतो. कालिदासाच्या दुष्यंतालाही समोरची शकुंतला दिसत होती, ओळखू येत नव्हती. त्याला अखेर अंगठी सापडली. या रोगात अंगठी नाही.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटाचे मोल येथे कळते. त्याच्या संवादांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मुलगी त्यांना मोटारीत बसवून क्षणभर दूर जाते आणि ते एका हत्तीमागे निघून जातात. पुढे माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. मुलीच्या प्रेमाला वडिलांकडून ओळख हवी असते, म्हणून ते क्षणोक्षणी जखमी होते. चन्नम्माला त्यांच्याशी जोडणारा भूतकाळच नाही. म्हणून तिला काही सिद्ध करून घ्यावे लागत नाही.

परंतु यावरून मुलीला दोष देणे अन्यायाचे होईल. चन्नम्माचा सहवास अल्पकाळाचा आहे. मुलीच्या वाट्याला वर्षे आली आहेत. अपरिचिताची करुणा आणि आप्ताची शुश्रूषा एकाच तराजूत तोलता येत नाहीत. हा भेद विसरून ‘अस्तु’ या शब्दाचा उपदेश करणारी समीक्षा घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्यांवर नवा भार घालील.

मग त्या वृद्धाला उत्तर काय द्यावे? ‘हेच ते विनयनगर’ असे म्हणावे. ते असत्य नाही. त्याच्याकडून निसटलेली प्रत्यभिज्ञा त्याच्यासाठी आपण पुरी करावयाची असते. या विषयावर लिहिणाऱ्या लेखकाचे कामही याहून फारसे निराळे नाही.