शब्द अडतो तेव्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याला स्वारगेटवर मी एस.टी.त बसलो होतो. जायचे होते कराडला. गाडी भरलेली, कंडक्टर घाईत. "कुठं?" म्हणून त्याने विचारले, आणि माझा 'क' घशातच अडकला. तोंड उघडे, मान ताठ, पण आवाज नाही. चार डोकी मागे वळली. शेवटी मी म्हणालो, "सांगली!" सांगलीचे पैसे मोजले आणि कराडला उतरलो. एका अक्षरापायी पुढचे सगळे भाडे फुकट गेले.

जे चाचरत बोलतात, त्यांना यात नवल वाटायचे नाही. प्रत्येकाच्या गाठीला अशी एखादी सांगली असतेच. कॉफी हवी असते, पण 'चहा' सोपा जातो म्हणून चहा पितात. दुकानात हव्या त्या साबणाचे नाव निघत नाही म्हणून दुसराच घेऊन येतात. शब्द बदलून वेळ मारून नेता येते. पण स्वतःचे नाव कसे बदलणार? म्हणूनच "आपलं नाव काय?" हा साधा प्रश्न आम्हाला सर्वांत कठीण वाटतो.

आता हा तोतरेपणा म्हणजे काय, ते पाहू. बोबडे बोलणे निराळे. बोबड्या मुलाच्या तोंडी 'र'चा 'ल' होतो. तोतऱ्याला अक्षर येते, ते वेळेवर निघत नाही. कधी ते पुन्हा पुन्हा येते, 'प-प-पाणी'. कधी लांबते, 'सssसकाळ'. तर कधी अगदीच अडते आणि आवाजच फुटत नाही. बोलताना श्वास, घशातल्या स्वरतंतूंची हालचाल, जीभ आणि ओठ यांचा मेळ क्षणाक्षणाला जमावा लागतो. तो मेळ मेंदू घालतो. त्यात निमिषभर चूक झाली की शब्द अडतो. मग माणूस जोर करतो, आणि जितका जोर करावा तितके ओठ अन् घसा अधिकच आवळतात. डोळे मिटणे, मान झटकणे, पाय आपटणे या सवयी अशाच लागतात. एकदा त्यांनी शब्द सुटल्यासारखा वाटतो. पुढे शब्द सुटत नाही आणि सवय मात्र राहते.

पुष्कळांना वाटते, हा भित्रेपणा आहे, किंवा घरात कोणी धाक घातला म्हणून झाले. तसे नाही. भीतीने तोतरेपणा वाढतो, पण त्याचे मूळ भीतीत नाही. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २०१० साली पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंध असलेली काही जनुकेही सापडली. तोतऱ्याची नक्कल केली तर आपणही तोतरे होतो, हा समज निराधार आहे. बुद्धीशीही त्याचा संबंध नाही.

एक गंमत मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. हाच माणूस गाणे म्हणताना अडखळत नाही. गणपतीपुढे सगळ्यांबरोबर आरती म्हणतो, ती खणखणीत. वर्गात एका सुरात पाढे म्हणताना त्याची जीभ कुठे अडत नाही. एकटा असताना, गोठ्यातल्या गाईशी बोलतानाही तो बहुधा सरळ बोलतो. मास्तरांनी एकट्याला उभे केले की तोच मुलगा 'हजर' एवढा शब्दही काढू शकत नाही. मास्तरांना वाटते, पोरगे सोंग करते आहे. ते सोंग नव्हे. ताल आणि सोबत मिळाली की मेंदूचे काम हलके होते, एवढाच याचा अर्थ.

साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात हा प्रकार सुरू होतो. शंभरातली पाचएक मुले त्यातून जातात. त्यांतल्या चारांपैकी तिघांचे पुढे आपोआप नीट होते. मोठ्या माणसांत शंभरी एक उरतो, आणि त्यांत पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त. तेव्हा मूल अडखळू लागले म्हणून घाबरू नये. पण सहा महिने, वर्ष होऊनही ते थांबत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे. म्हैसूरला यासाठी १९६० नंतरच्या दशकात मोठी राष्ट्रीय संस्था निघाली. आता मोठ्या शहरांतल्या पुष्कळ रुग्णालयांत असे तज्ज्ञ भेटतात.

आपल्याकडे आजी जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावते. आजीची माया खरी, पण दोष जिभेत नाही, म्हणून वेखंडाने तो जात नाही. तोंडात गोटे धरून बोलण्याचा ग्रीक वक्त्याचा उपायही कोणी करू नये; गोटा घशात जायचा. आई-वडिलांच्या हातचा उपाय याहून सोपा आहे. "सावकाश बोल, नीट बोल" असे मुलाला सारखे सांगू नका. आपणच सावकाश बोला. त्याचे वाक्य आपण पुरे करू नका. तो कसे बोलतो यापेक्षा काय बोलतो, तिकडे लक्ष द्या.

मोठ्या माणसाला मी काय सांगू? याला गोळी नाही. पण शब्द हलक्या श्वासावर सुरू करणे, ओठ न आवळणे, अडलो तर जोर सोडून देणे, हे शिकता येते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज १९२६पासून लायोनेल लोग या शिक्षकाकडे शिकत होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध सुरू झाल्याचे त्यांनी रेडिओवरून सांगितले, ते जागोजागी थांबत. त्यांचा तोतरेपणा पुरता गेला नव्हता. पण त्यापायी सांगायचे राहिले नाही.

खरे नुकसान अडखळण्याने होत नाही, लपवण्याने होते. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला हिमनगाची उपमा दिली. वर दिसते ते अडखळणे थोडेच. पाण्याखाली लाज आणि भीती. फोन वाजला की दुसऱ्याला उचलायला लावायचा, सभेत मनात उत्तर असून गप्प बसायचे, मुलाखत नको म्हणून नोकरीचा अर्जच करायचा नाही. माणूस असा एकेक दार स्वतःच लावून घेतो, आणि लोक म्हणतात, "स्वभावाने अबोल आहे हो!"

मी हल्ली सुरुवातीलाच सांगून टाकतो, "मी जरा अडखळतो, थोडं थांबावं लागेल." बहुतेक लोक थांबतात. जे थांबत नाहीत, त्यांच्याशी बोलायचे तरी कशाला?

हे भाषण ध्वनिमुद्रित करताना मी सहा-सात ठिकाणी अडलो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी आपुलकीने विचारले, "तेवढं कापून टाकू का?" मी म्हटले, राहू द्या. ऐकणाऱ्यांत एखादा मुलगा असेल, ज्याचा 'हजर' रोज सकाळी घशात अडतो. त्याला कळू दे, की असे अडत अडतही बोलणे पुरे होते.

परवाच कराडला गेलो होतो. 'क' अडला. कंडक्टर थांबला. मी कराडचेच तिकीट काढले.