गर्भारपणांतील चोंदलेलें नाक

सातव्या महिन्यांत सुनेचें नाक चोंदूं लागलें, कीं वडीलधाऱ्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो : हिला गारठा बाधला. मग दहीं बंद होतें, खिडक्या लागतात, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकली जाते. परंतु ताप नाहीं, शिंका नाहींत, घसा दुखत नाहीं. आणि आठवडे लोटले तरी नाक कांहीं मोकळें होत नाहीं. अशा वेळीं ही सर्दी नव्हेच, हें ओळखलें पाहिजे.

ही गर्भधारणेमुळेंच उद्भवणारी अवस्था असून सुमारें पांच गर्भवतींपैकीं एकीला ती जाणवते. नाकाच्या आंत रक्तवाहिन्यांनीं भरलेले मऊ उंचवटे असतात. वारेंतून स्रवणाऱ्या अंतःस्रावांमुळें ते फुगतात व श्वासाची वाट अरुंद होते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. प्रसूतीनंतर दोन आठवड्यांच्या आंत तक्रार आपोआप नाहींशी होते, हीच तिची खूण.

मग ती सर्वांनाच कां होत नाहीं? स्वीडनमधील संशोधनांत दोन कारणें पुढें आलीं. एक धूम्रपान, आणि धुराचा नाकास उपद्रव व्हायचा तो होतोच, मग तो यजमानांच्या सिगारेटचा कां असेना! दुसरें, गाद्याउशांच्या धुळींत राहणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या माइट नांवाच्या जीवांचें वावडें. तें एरवीं प्रगट झालेलें नसलें तरी शरीरांत असूं शकतें. आणि मुंबईसारख्या दमट हवेंत या जीवांचें चांगलेंच फावतें.

खरा धोका उपायांत आहे. दुकानांत मिळणारे थेंब घटकाभरांत नाक मोकळें करतात. परंतु ते कांहीं दिवसांहून अधिक वापरले, कीं सूज उलट वाढते व थेंबांवांचून झोप लागत नाहीं. बाळ पाळण्यांत येतें, मूळ विकार निघून जातो, आणि थेंबांनीं आणलेला मागें राहतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून ते घेऊं नयेत. उकळून निववलेल्या पेलाभर पाण्यांत अर्धा लहान चमचा मीठ घालून नाक धुणें, पलंगाची उशाकडील बाजू उंच करणें व झेपेल तेवढें रोज चालणें, हे उपाय निर्धोक होत.

रात्रींचें घोरणें मात्र थट्टेवारी नेऊं नये. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश पाहणींत घोरणाऱ्या गर्भवतींत रक्तदाब वाढण्याचें व बाळाची वाढ कमी राहण्याचें प्रमाण अधिक आढळलें. चोंदलेलें नाकच त्यास कारण, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. तरी घोरणें नव्यानें सुरू झालें, अथवा झोपेंत श्वास अडखळूं लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहतां डॉक्टरांस तसें सांगावें. आणि हें तिला स्वतःला कळत नसतें. तें शेजारीं निजणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें.