जुन्या वाहनातील कूलंटची अदृश्य घट : कारणनिदानाचा क्रम

प्रस्तावना :
जुन्या मोटारीतील कूलंट वारंवार कमी होते, परंतु वाहनाखाली थेंबही आढळत नाही. अशा वेळी केवळ पाणी भरत राहिल्यास मूळ दोष झाकला जातो. प्रस्तुत लेखात पेट्रोल इंजिनाच्या संदर्भात निदानाचा क्रम मांडला आहे.

विवेचन :
रेडिएटरचे झाकण शीतन प्रणालीत सुमारे १ बार अतिरिक्त दाब टिकवते. त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंश सेल्सिअसपर्यंत वाढतो. झाकणाची स्प्रिंग वा रबर निकामी झाल्यास कूलंट उकळून बाहेर पडते. म्हणून हा सर्वांत स्वस्त भाग प्रथम तपासावा. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाने प्रणालीत दाब द्यावा. दाब उतरल्यास होजपाइप, वॉटर पंप व हीटर पाहावेत. गरम भागावरील गळती तत्काळ सुकते. मागे केवळ डाग उरतो.

बाहेर काहीच न आढळल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. सायलेन्सरमधून सतत येणारा गोडसर वासाचा पांढरा धूर व दुधाळ ऑइल ही त्याची लक्षणे होत. ती नसली तरी रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या परीक्षक द्रवातून न्यावी. द्रव पिवळा पडल्यास ज्वलनवायूंचा शिरकाव सिद्ध होतो.

निष्कर्ष :
निदान लांबल्यास इंजिन अतितप्त होऊन सिलिंडर हेड वाकू शकते. झाकणाच्या किमतीत मिटणारा दोष मग इंजिनावर बेततो.