उताणें कीं पालथें?

तान्ह्या मुलाला उताणें निजवावें कीं पालथें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तरापायीं पाश्चात्त्य देशांत सहस्रावधि बालकें प्राणांस मुकलीं. अमेरिकेंतील सुविख्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांच्या घरोघर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या १९५० नंतरच्या आवृत्त्यांत पालथें निजविण्याचा सल्ला होता. उताण्या मुलाला ओकारी झाल्यास ती घशांत अडकेल, हें त्याचें कारण. तर्क सुबक होता. परंतु त्याची पारख झालेली नव्हती.

पुढें ह्याविषयीं जीं निरीक्षणें झालीं, तीं निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेलीं राहिलीं. रुथ गिल्बर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं तीं एकत्र जुळवून २००५ सालीं दाखवून दिलें कीं, पालथें निजविण्यांतील धोका १९७० सालींच ओळखतां आला असता, आणि एकट्या ब्रिटनमध्यें दहा हजारांहून अधिक बालमृत्यु टळण्याचा संभव होता. प्रत्यक्षांत उताणें निजविण्याची मोहीम तेथें १९९१ सालीं व अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू झाली. त्यानंतर असे आकस्मिक मृत्यु झपाट्यानें घटले.

तात्पर्य, पुरावा असणें निराळें आणि तो वेळेवर हातीं लागणें निराळें. दवाखान्यांत दाटी असतां डॉक्टरांनीं शेंकडों निबंध चाळावेत, ही अपेक्षा व्यर्थ होय. ही अडचण ओळखूनच १९९३ सालीं ‘कॉक्रेन’ ही संस्था निघाली. एका प्रश्नावरील सारे प्रयोग हुडकून, पारखून, त्यांचा एकत्रित निष्कर्ष मांडणें हें तिचें कार्य. ‘पबमेड’ ही वैद्यकीय निबंधांची सूची १९९७ पासून इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली आहे. मात्र सूचींत नांव आहे, एवढ्यानें निबंध विश्वसनीय ठरत नाहीं.

शोधणाऱ्यानें आधीं आपला प्रश्न नेमका करावा: मूल कोणत्या वयाचें व कोणत्या व्याधीचें, उपाय कोणता, तुलना कशाशीं, आणि परिणाम कोणता पाहावयाचा. मग प्रथम एकत्रित परीक्षण पाहावें, तें कोणत्या सालचें आहे हें तपासावें. तें नसल्यास स्वतंत्र प्रयोगांकडे वळावें. नुसतें तज्ज्ञाचें मत, मग तो कितीही थोर असो, सर्वांत शेवटीं.

आपणां गृहस्थांनाही ह्यांतून घेण्याजोगें आहे. बाळ वर्षाचें होईपर्यंत प्रत्येक झोपेस त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणें निजवावें. आणि घरांतील वडीलधारीं माणसें असोत कीं नामांकित डॉक्टर, “ह्यास आधार काय?” असें नम्रपणें विचारण्यांत कोणाचाच अनादर नाहीं.