उठा, बसा, पुस्तक ठेवा: जपानी शिकवायची वेगळी तऱ्हा

आजचा भाग अशांसाठी, ज्यांनी जपानीची परीक्षा दिली, सर्टिफिकेटही मिळालं, पण समोर जपानी माणूस आला की तोंड उघडत नाही. पुण्यात शिकवताना असे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. त्यांची हुशारी कमी नसते. जेएलपीटी परीक्षेत एन५ ते एन१ अशा पाच पातळ्या आहेत, पण बोलण्याची परीक्षा एकाही पातळीला नाही. मग वर्गातही बोलणं मागे पडतं. नोकरीची मुलाखत मात्र तोंडीच असते!

यावर एक जुना उपाय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत मांडली. लहान मूल आधी नुसतं ऐकतं, 'ये', 'दे', 'बस' कळलं की तसं करतं, आणि बोलतं नंतर. तोच क्रम त्यांनी मोठ्यांसाठी घेतला. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत जपानी भाषाही होती बरं का!

वर्गात हे कसं करायचं? वह्या बंद. मी "तात्ते कुदासाई" म्हणते आणि उभी राहते. "सुवात्ते कुदासाई" म्हणते आणि बसते. दोन-तीनदा झालं की मी हलत नाही, नुसती बोलते; उठबस विद्यार्थी करतात. कुणाला बोलायचं नसतं, त्यामुळे चुकायची भीती नाही.

मग वाक्य लांबवायचं: "त्सुकुए नो उए नि होन ओ ओइते कुदासाई." 'त्सुकुए' टेबल, 'नो' म्हणजे च्या, 'उए नि' वर, 'होन' पुस्तक, 'ओइते कुदासाई' ठेवा. टेबलाच्या वर पुस्तक ठेवा! मधला 'ओ' फक्त कर्म दाखवतो. क्रम अगदी मराठीचा. इंग्रजीतून शिकलात तर हेच वाक्य आधी उलटं आणि मग सुलटं करत बसावं लागतं.

आता मर्यादा. 'ठेवा', 'उघडा' करून दाखवता येतं; 'कदाचित', 'मला वाटतं' कसं दाखवणार? शिवाय सगळा कारभार आज्ञांचा. म्हणून पुढच्या दोन पायऱ्या. पहिली, आता विद्यार्थ्यांनी मला हुकूम सोडायचे. दुसरी, जोडीचा खेळ. दोघांना एकाच गल्लीचे नकाशे द्यायचे. एकात पोस्ट दाखवलेलं नाही, दुसऱ्यात बँक. नकाशा लपवायचा आणि जपानीत विचारून भरायचा. पाठ केलेल्या संवादात उत्तर दोघांनाही माहीत असतं. इथे ते खरंच हवं असतं, म्हणून तोंड उघडावंच लागतं.

घरी एकटे शिकताय? जपानी येणाऱ्या एखाद्या मित्राकडून दहा आज्ञा व्हॉट्सअॅपवर बोलून मागवा. रोज क्रम बदलून ऐका आणि उठून करा. आठवडाभराने त्याच आज्ञा तुम्ही बोला आणि मित्राला करायला लावा. जमलं की कळवा हं!