चाकाचा घेर, बसल्यावरचा

रविवारी सकाळी लोणावळ्याकडे निघालेल्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात हा वाद हमखास होतो. दोघं शेजारी शेजारी, एकाच लयीत चाललेत. एकाचं मीटर २४.६ दाखवतंय, दुसऱ्याचं २५.१. जास्त दाखवणारा अर्थातच आपलंच खरं मानतो, आणि महागातलं मीटर घेतलेला किंमत सांगून वाद मिटवू बघतो. किमतीचा इथे फारसा संबंध नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या मीटरमधलं क्वार्ट्‌झचं घड्याळही या कामाला पुरून उरतं. चूक बहुतेक वेळा त्या एका आकड्यात असते, जो मीटर बसवताना घाईघाईत भरला जातो आणि पुन्हा कुणी बघत नाही.

कारण हे मीटर वेग मोजतच नाही, ते वेळ मोजतं. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला छोटा चुंबक आणि चिमट्याच्या दांडीला सेन्सरची डबी, एवढाच संसार. डबीत रीड स्विच असतो: काचेची बारीक बंद नळी, तिच्यात लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण न टेकलेली. चुंबक समोर आला की दोन्ही पट्ट्या तेवढ्यापुरत्या चुंबक होतात, त्यांची विरुद्ध टोकं एकमेकांना ओढतात आणि सर्किट जुळतं. चुंबक पुढे गेला की पट्ट्या आपल्या लवचिकपणाने सुटतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये शोधलेली ही युक्ती अजून तशीच चालू आहे. एक टिचकी म्हणजे चाकाचा एक फेरा. दोन टिचक्यांमधल्या वेळाने चाकाच्या घेराला भागलं की वेग. ताशी २५ किलोमीटरला साधारण २१०० मिलिमीटर घेराचं चाक सेकंदाला तीनहून थोडे जास्त फेरे मारतं, म्हणजे दर ०.३ सेकंदाला एक टिचकी. एवढा वेळ मोजणं घड्याळाला जड नाही. घेर मात्र त्याला आपणच सांगायचा असतो, आणि आपण जे सांगू ते त्याला मान्य.

यांत्रिक मीटरांचंही गणित हेच होतं. अमेरिकेतल्या हार्टफर्डला कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये सायक्लोमीटरची कंपनी काढली. स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला मीटरच्या दातेरी चाकाला एक धक्का द्यायची, आतली चक्रं सरकायची आणि आकडा पुढे जायचा. घेर त्या चक्रांच्या दात्यांतच कोरलेला असल्यामुळे चाकाच्या मापाप्रमाणे मीटर वेगळं घ्यावं लागे. आज बटणं दाबून घेर बदलता येतो, आणि चुकवताही येतो.

बसवण्याची कटकट थोडक्यात सांगतो. चुंबक आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट पुरे. फट जास्त झाली की टिचक्या गळतात: वेग मधेच अर्धा होतो, शून्यावर येतो, खड्ड्यातून गेलं की परत जागा होतो. अधूनमधून अशक्य मोठा आकडा चमकत असेल, तर एका फेऱ्याला दोन टिचक्या पडताहेत. चुंबक किंचित सरकवायचा. तो हबपासून किती लांब लावायचा यावर मात्र लोक उगाच डोकं खाजवतात. कडेला लावा नाहीतर हबजवळ, फेऱ्याला टिचकी एकच पडणार. हबजवळ लावला तर तो सेन्सरसमोरून सावकाश जातो, एवढाच फायदा.

आता त्या आकड्याकडे येऊ. मीटरच्या खोक्यातल्या कागदावर टायरच्या मापांपुढे घेर छापलेले असतात. ७०० गुणिले २३ च्या टायरला २०९६ मिलिमीटर, २८ च्या टायरला २१३६, ३२ च्या टायरला २१५५. हे आकडे साध्या भूमितीतून येतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३२-६२२ असं काही लिहिलेलं असतं. ६२२ हा टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास, ३२ ही टायरची रुंदी. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरली, तर पूर्ण व्यास ६२२ अधिक ६४, म्हणजे ६८६. त्याला पायने गुणलं की बरोबर २१५५. बाकीच्या मापांत चार-सहा मिलिमीटर इकडेतिकडे होतात. सुरुवातीच्या वादाचा उलगडाही इथे होतो. कमी दाखवणाऱ्याने २३ चे टायर काढून २८ चे बसवले होते आणि मीटरमध्ये २०९६ तसाच राहिला होता. खरा वेग २५.१ असताना त्याचं मीटर २४.६ सांगणार, कारण फरक जवळजवळ दोन टक्क्यांचा आहे. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, निघालात तर चार किलोमीटरचा घोळ, आणि वळणाच्या कागदावर ‘इथून ०.३ किमीवर डावीकडे’ असलं काही लिहिलेलं असतं तेव्हा चार किलोमीटर फार होतात.

दुकानात ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून सांगितलेल्या चाकाचीही अशीच गंमत. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलीचं अठ्ठावीस इंची चाक ६३५ च्या रिमचं. गिअरवाल्या नव्या सायकलींचं ७०० चं चाकही काही जण अठ्ठावीस इंचीच म्हणतात, पण ते ६२२ चं. रिमच्या व्यासातल्या १३ मिलिमीटरचे घेरात ४१ होतात. तोंडी मापावर विसंबू नये, टायर वाचावा.

तक्ता बरोबर लावला तरी काम संपत नाही, कारण तक्ता रिकाम्या सायकलचा असतो. आपण सीटवर बसलो की टायर खाली थोडा चपटा होतो आणि हबचा आस जमिनीच्या किंचित जवळ येतो. म्हणून एका फेऱ्यात सायकल तक्त्यातल्या घेरापेक्षा थोडं कमी अंतर कापते. पण आस जेवढा खाली आला त्या हिशेबाने कमी, असंही नाही. टायर रबर आणि सुती-नायलॉन धाग्यांचा असतो. जमिनीला टेकलेला पट्टा थोडा आखडतो, थोडा वाकतो, आणि खरं अंतर या दोन हिशेबांच्या मधे कुठेतरी पडतं. ते कागदावर काढण्याच्या नादी लागू नये. शिवाय टायर झिजतो: रबराचा थर एक मिलिमीटरने कमी झाला की घेर सहा मिलिमीटरने घटतो. त्याच ३२ च्या टायरची रुंदी रिमप्रमाणे ३१ किंवा ३३ भरते. हे सगळं एका फटक्यात धरणारा उपाय एकच, आपल्या वजनासकट चाक जमिनीवर फिरवून अंतर मोजणं.

सोसायटीच्या पार्किंगची सपाट फरशी या कामाला उत्तम. हवा नेहमीच्या पीएसआयला भरा, बाटली भरून लावा, रोजचे बूट घाला. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी तळाशी आणून त्याच्यासमोर जमिनीवर खडूची रेघ मारा. सीटवर बसा, एकाला हँडल धरून तोल सांभाळायला सांगा आणि सरळ रेषेत जा. पाचव्या फेऱ्याला व्हॉल्व्ह पुन्हा तळाशी आला की दुसरी रेघ. अंतर स्टीलच्या टेपने मोजा, शिंप्याच्या फितीने नको, ती ताणली जाते. समजा ते १०.६९ मीटर आलं, तर पाचने भागून २१३८ मिलिमीटर. तक्त्यातल्या २१५५ पेक्षा सतरा कमी, म्हणजे ०.८ टक्का. एक फेरा मोजून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह ‘अगदी तळाशी’ कधी आला हे डोळ्याने ठरवताना पाच-सात मिलिमीटरची चूक सहज होते. पाच फेऱ्यांत ती वाटली जाते. मदतीला कुणी नसेल तर टायरवर पानाच्या चुन्याचा ओला ठिपका लावून आरामात सायकल चालवा. फरशीवर दर फेऱ्याला एक ठसा उमटतो. हा प्रकार मला जास्त आवडतो, कारण त्यात चालता स्वार जसा बसतो तसाच बसलेला असतो. सेन्सर ज्या चाकाला आहे तेच चाक मोजा, हे वेगळं सांगायला नको; मागच्या चाकावर भार जास्त, त्याचा आकडा वेगळा येतो.

हा आकडा भरून लांब पल्ल्यावर पडताळता येतो. खरं अंतर माहीत असेल तर नियम सोपा: जुना घेर गुणिले खरं अंतर, भागिले मीटरने दाखवलेलं अंतर. मीटरने १०.०८ किलोमीटर दाखवले आणि खरे १० असतील, तर २१५५ चे २१३८ होतात. अडचण ‘खरं अंतर’ मिळवण्याची. हमरस्त्यावरचे किलोमीटरचे दगड बायपास झाल्यावर, रस्ता रुंद झाल्यावर हलतात. एकाच दगडावर भरवसा न ठेवता लांबच लांब सलग टप्पा घेतलेला बरा. मैदानावरचा ४०० मीटरचा ट्रॅक खात्रीचा वाटतो, पण ते ४०० मीटर आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटरवरच्या रेषेचे असतात. तुम्ही कठड्यापासून मीटरभर लांब राहिलात तर प्रत्येक फेरीत साडेचार मीटर जादा जातात, आणि सिंथेटिक ट्रॅकवर सायकल घातलीत तर वॉचमनच्या शिव्या वेगळ्या.

मोजलेल्या चाकावर जगभरात सर्वाधिक विसंबतात ते धावणारे. मॅरेथॉनचा मार्ग किती लांबीचा आहे हे अधिकृतपणे सायकलने मोजतात, गाडीच्या मीटरने किंवा उपग्रहाने नाही. न्यूयॉर्कचे धावपटू टेड कॉर्बिट, जे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले होते, त्यांनी १९६४ मध्ये रस्त्यावरचे मार्ग मोजण्यावर पुस्तिका लिहून ही पद्धत अमेरिकेत रुजवली. १९७१ मध्ये अ‍ॅलन जोन्स यांनी पुढच्या चाकाच्या हबशी बसणारा गणक बनवला, त्यालाच जोन्स काउंटर म्हणतात. आजचा काउंटर चाकाच्या एका फेऱ्यात जवळजवळ २४ आकडे पुढे सरकतो, म्हणजे एक आकडा सुमारे नऊ सेंटीमीटरचा. आणि तो चाकाचा घेर विचारतच नाही. निदान ३०० मीटरचा सरळ पट्टा स्टीलच्या टेपने मोजून घेतात, टेपच्या तापमानाचा हिशेब धरून. त्यावर तोच मोजणारा, तीच सायकल, मोजणीआधी चार वेळा आणि नंतर चार वेळा चालवतो. किलोमीटरला किती आकडे, ते तिथे ठरतं. नंतरच्या चार फेऱ्या कशाला? पहाटे २० अंशांवर असलेला टायर उन्हात ४५ अंशांवर गेला, तर आतल्या हवेचा दाब साडेआठ टक्क्यांनी चढतो, चाक किंचित फुगतं आणि तेवढ्याच किलोमीटरला कमी फेरे पडतात. घरच्या मीटरला हा फरक नगण्य. बेचाळीस किलोमीटरला नाही. एवढं करूनही मार्ग तोकडा पडू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात.

हा जादा मीटर किती महाग असतो, ते १९८१ ला दिसलं. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांत पोहोचला आणि डेरेक क्लेटनचा १९६९ चा २:०८:३४ हा विक्रम मोडल्याचं जाहीर झालं. काही वर्षांनी मार्ग काटेकोर पद्धतीने पुन्हा मोजला, तो १४८ मीटर कमी भरला. टक्क्यांत ०.३५, म्हणजे आपल्या सायकलमधल्या न बदललेल्या टायरच्या चुकीच्या पाचव्या हिश्शाइतकी चूक. पण सालाझारच्या वेगाने १४८ मीटर म्हणजे २७ सेकंद, आणि विक्रम गेला. मुंबई मॅरेथॉनसारख्या आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या शर्यतींचा मार्गही याच पद्धतीने मोजावा लागतो: रस्त्याच्या मधून नाही, तर वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, धावणारा जेवढं कमी अंतर कापू शकेल तेवढं धरून.

मग जीपीएस आल्यावर चुंबक कशाला, असं कुणीही विचारेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर तो प्रश्न रास्त आहे. तिथे दोन्ही जवळपास सारखंच सांगतात. घाटात मात्र नाही. पसरणीचा घाट उतरताना ताशी ३६ किलोमीटरने सेकंदाला दहा मीटर जातात, आणि सेकंदाला एक ठिकाण नोंदवणारं यंत्र वळणाची कमान दहा-दहा मीटरच्या सरळ तुकड्यांत तोडतं. झाडी आणि कडे यांवरून उपग्रहाचा संदेश परावर्तित होऊन येतो, त्याने ठिपके रस्त्याच्या बाहेर जातात आणि उलट अंतर वाढतं. दोन्ही चुका एकमेकांना कापतील याची खात्री नाही. शिवाय बरीच यंत्रं अंतर नकाशावरचं, म्हणजे आडवं धरतात. आठ टक्के चढावर चाकाने कापलेलं अंतर त्याहून ०.३ टक्क्यांनी जास्त असतं. पडद्यावरचा वेगही दोन-तीन सेकंद मागे राहतो.

आजकाल हबवर बसणारे बिनचुंबकाचे सेन्सर मिळतात, आणि बरीच यंत्रं जीपीएसच्या अंतरावरून चाकाचा घेर स्वतःच काढतात. सोय चांगली आहे, फक्त ती पहिल्यांदा कुठे काढू द्यायची ते आपण ठरवावं. पहिलीच फेरी घाटात किंवा उंच इमारतींच्या गल्ल्यांत केली, तर तिथला गोंधळ घेरात उतरतो. मोकळ्या महामार्गावर पाच-सहा किलोमीटर सरळ चालवून आलेला आकडा चुन्याच्या ठशांवरून काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आपोआपची सोय बंद करून ठशांचा आकडा हाताने भरा, आणि टायर बदलला की पुन्हा चुना लावा.