ओढ ओसरते, आवड नाही

पन्नाशी-साठीनंतर मोटरसायकल दारात उभी राहू लागते. दोष आपण भीतीला देतो. मेंदूचा अभ्यास मात्र वेगळंच कारण पुढे करतो.

जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये एक संवाद ठरलेला असतो. ‘गाडी स्टार्टच होत नाही,’ अशी तक्रार घेऊन आलेल्या साठीच्या गृहस्थांना मेकॅनिक विचारतो, ‘काका, शेवटची कधी काढली होती?’ काका आठवू लागतात. दिवाळीत? नाही, त्याच्याही आधी. बॅटरी बसलेली असते, कार्ब्युरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकटा धरलेला असतो, टायरमधली हवा गेलेली असते. यातला एकही बिघाड गाडी चालवल्याने झालेला नसतो. सगळे ती न चालवल्याने झालेले असतात.

गाडी का काढली नाही, याचं उत्तरही ठरलेलंच. ‘आता भीती वाटते हो. पडलो तर हाडं जुळायची नाहीत.’

ही भीती निराधार नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती. वयाचा मुद्दाही खराच आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या २००१ ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की मोटरसायकल अपघातानंतर साठीपुढच्या जखमींना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता विशी-तिशीतल्यांच्या सुमारे तिप्पट होती.

पण हेच काका रोज संध्याकाळी त्याच रस्त्यावरून बिनगिअरच्या स्कूटरवर भाजी आणायला जातात, पुष्कळदा हेल्मेट डिकीत ठेवून. चाकं दोनच, रहदारी तीच, हाडंही तीच. खरं कारण भीती असती, तर ती स्कूटरवर बसतानाही वाटली असती. मग मोटरसायकलच्या बाबतीत नेमकं काय बदललं?

नुकसानाची भीती की लाभाची ओढ?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर मोबाइलवरच्या एका खेळातून मिळालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले रॉब रटलेज आणि त्यांचे सहकारी यांनी १८ ते ६९ या वयोगटातल्या २५,१८९ लोकांना गुणांचा खेळ खेळायला दिला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक डावात निवड करायची होती : ठरावीक गुण निमूट स्वीकारा, नाहीतर नशीब अजमावा. काही डावांत फक्त लाभाची शक्यता होती, काहींत फक्त तोट्याची, तर काहींत दोन्हींची.

लाभाच्या डावांत १८ ते २४ वयाच्या लोकांनी ७२ टक्के वेळा नशीब अजमावलं. साठी ओलांडलेल्यांच्या गटात हे प्रमाण ६४ टक्क्यांवर आलं. तोट्याच्या आणि मिश्र डावांत मात्र वयाने काहीच फरक पडला नाही. वयाबरोबर माणूस भित्रा होत असता, तर तोटा समोर दिसताना तो अधिक बिचकला असता. तसं झालं नाही. नुकसानाचा धसका होता तेवढाच राहिला; कमी झाली ती मोठ्या लाभाची भुरळ.

संशोधकांनी या बदलाचा संबंध डोपामिनशी जोडला. मेंदूतल्या पेशींमधला निरोप्या असलेलं हे रसायन ‘आनंदाचं रसायन’ म्हणून प्रसिद्ध असलं, तरी त्याचं मुख्य काम आनंद देण्याचं नाही. एखाद्या गोष्टीकडे खेचून नेणं, तिच्यासाठी उठायला लावणं हे त्याचं काम. या रसायनाचा निरोप घेणारे रिसेप्टर तरुणपणापासूनच, दर दशकाला दहा टक्क्यांच्या आसपास कमी होत जातात, असं मेंदूच्या स्कॅनमधून दिसतं. थराराची हौस मोजण्याची प्रश्नावली मार्व्हिन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये तयार केली. तेव्हापासूनच्या अभ्यासांतही हाच आलेख वारंवार आला : ही हौस विशीच्या आसपास शिगेला पोचते आणि पुढे उतरत जाते.

साखर गोडच लागते

इथे एक बारकावा आहे, आणि मोटरसायकलवाल्यांसाठी तोच महत्त्वाचा. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही उंदरांच्या मेंदूतली डोपामिनची यंत्रणा जवळपास पूर्ण निकामी केली. हे उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडेही जाईनात. भरवलं नाही, तर उपाशी राहिले असते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं, की धडधाकट उंदरासारखेच मिटक्या मारायचे. साखर त्यांना गोडच लागत होती, फक्त तिच्यापर्यंत जावंसं वाटत नव्हतं. ओढ आणि आवड यांची मेंदूतली यंत्रणा वेगवेगळी आहे, हे या प्रयोगांनी दाखवून दिलं.

कनेक्टिकट विद्यापीठातल्या जॉन सालामोनी यांनी १९९० च्या दशकात याला कष्टाची जोड दिली. उंदरापुढे दोन वाटा ठेवल्या. एका वाटेवर भरपूर खाद्य, पण मध्ये जाळीची भिंत. दुसरीवर थोडं खाद्य, पण वाट मोकळी. धडधाकट उंदीर भिंत चढून भरपूर खाद्य मिळवायचे. डोपामिन घटवलेले उंदीर मोकळ्या वाटेने जाऊन थोडक्यात भागवायचे. भिंत काढून टाकली, की तेही भरपूर खाद्याकडेच वळायचे. म्हणजे जास्त काय आणि कमी काय, हे त्यांना कळत होतं. चढण्याचं मोल द्यायची तयारी तेवढी उरली नव्हती.

साठीतल्या माणसाच्या मेंदूची अवस्था अर्थातच या उंदरांइतकी टोकाची नसते. डोपामिन संपत नाही, हळूहळू उतरतं. पण दिशा तीच. रविवारी पहाटे गाडी काढावी, ताम्हिणी घाटात चहा प्यावा, हा विचार मनात येतो. मागोमाग जाळीची भिंतही दिसू लागते : जॅकेट, हातमोजे, हेल्मेट, पार्किंगमधल्या दोन मोटारींच्या फटीतून गाडी मागे ओढणं आणि परत येताना पुण्याच्या चांदणी चौकातली गर्दी. पंचविशीत ही भिंत नव्हती असं नाही. ती चढताना जाणवत नव्हती. स्कूटरपुढे अशी भिंत नसतेच. किल्ली फिरवली, बटण दाबलं, निघाले.

शरीराचा वाटा

वयाबरोबर ही भिंत खरोखरच थोडी उंचही होते. आजची साडेतीनशे सीसीची बुलेट सुमारे १९५ किलोंची आहे. हिरोची स्प्लेंडर ११० किलोंच्या आसपास. वेगात असताना हे वजन जाणवत नाही, कारण चालती मोटरसायकल बऱ्याच अंशी स्वतःच तोल सावरते. पायी चालण्याच्या वेगावर आल्यावर ती मदत संपते आणि सगळी भिस्त चालवणाऱ्याच्या पायांवर, कमरेवर आणि आतल्या कानातल्या तोल राखणाऱ्या इंद्रियावर पडते. तिशीनंतर स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्के घटतात. आतल्या कानातल्या तोल टिपणाऱ्या केसपेशीही कमी होत जातात. म्हणूनच घाटातल्या वळणावर मजेत असणारा अनुभवी माणूस सिग्नलच्या कोंडीत घामाघूम होतो.

डोळ्यांचा हिशेब आणखी कडक आहे. बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर पडतं. साठीत डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरतो. त्यात समोरून एलईडी दिव्यांचा झोत आला, की धूसर भिंगात तो विखुरतो आणि नजर पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. प्रतिसादही मंदावतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला, तर गाडी तेवढ्यात सुमारे ३.३ मीटर पुढे जाते. अनुभवी चालक हे ओळखून अंतर राखतो आणि समोरची रिक्षा कुठे वळणार, हे आधीच हेरतो. पण या सावधगिरीचाही शीण येतो आणि तोही मेंदूच्या हिशेबात कष्ट म्हणूनच धरला जातो.

चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी फॉर्म १-अ हा वैद्यकीय दाखला लागतो. त्यात नजर, ऐकू येणं, हातापायांची हालचाल यांची चौकशी असते. ओढीसाठी रकाना नाही.

रस्ता पाठ झाला, कामं संपली

ओढ कमी होण्यात सवयीचाही हात असतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामिनच्या पेशी सळसळतात. तोच रस अपेक्षेप्रमाणे मिळू लागला, की रस मिळतेवेळी त्या गप्प राहतात. वीस वर्षांत शंभरदा गेलेल्या महाबळेश्वरच्या रस्त्यावर मेंदूला चकित करणारं काय उरतं? कोणत्या वळणावर वडापावची गाडी आहे, हेही त्याला पाठ असतं.

शिवाय आपल्याकडे बहुतेकांची मोटरसायकल ही निव्वळ हौस कधीच नव्हती. आज साठीत असलेली पिढी येझदी, राजदूत, १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स-१०० आणि सीडी-१०० यांवर मोठी झाली. या गाड्या कामावर जायच्या, गॅसचं सिलिंडर आणायच्या, मुलांना क्लासला सोडायच्या. तेवढ्यात जमेल तशी हौस भागायची. निवृत्ती आली, मुलं परगावी गेली आणि गाडी काढायला लावणारी कामंच सरली. हौशीला एकटीच्या बळावर गाडी बाहेर काढायची सवय नव्हती. गोव्यातल्या पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून प्रवासी नेणाऱ्या ‘पायलट’ला रोज सकाळी आपल्याला ओढ आहे का, असं स्वतःला विचारावं लागत नाही, ते काम पोट करतं.

फक्त गाडी नकोशी, की सगळंच?

उत्साह मोटरसायकलपुरता ओसरला असेल आणि नातवंडं, गाणं, बाग, मित्रांचा कट्टा यांत जीव रमत असेल, तर त्यात आजार काही नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस यांनी १९९० मध्ये मांडलं, की चांगलं वार्धक्य निवडीवर उभं असतं : थोड्या गोष्टी निवडायच्या, त्या जास्त जोपासायच्या आणि कमतरता युक्तीने भरून काढायची. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन उतारवयात मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा रियाज वाढवत, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा भाग जलद भासे. हे उदाहरण बाल्टेस नेहमी देत.

पण सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य, थायरॉइडची कमतरता, पार्किन्सनची सुरुवात यांत उत्साह आटतो. आपल्या भागात आणखी एक संशयित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. शाकाहारी लोकांत ही कमतरता अधिक असते. तिने थकवा येतो, पायांना मुंग्या येतात आणि पाय नेमका कुठे टेकला आहे याची जाण बोथट होते. गाडी ‘अचानक जड’ वाटू लागली असेल, तर ती विकण्याआधी रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

मग करायचं काय?

भिंत कमी करता येते. हलकी गाडी घेता येते, रात्रीचा आणि गर्दीचा प्रवास टाळता येतो, बॅटरी नियमित चार्ज ठेवता येते. पाठ झालेला रस्ता सोडून कधी न पाहिलेल्या गावाचा फाटा धरता येतो, आणि एखादं काम मुद्दाम गाडीला जोडता येतं. गाडी चालवण्याचे फायदे सांगणारे अभ्यासही आहेत. कॅलिफोर्नियात अनुभवी चालकांवर केलेल्या पाहणीत २० मिनिटांच्या फेरीनंतर ताणाशी निगडित संप्रेरकांचं गुणोत्तर २८ टक्क्यांनी घटलं. जपानमध्ये मेंदूशास्त्रज्ञ रियुता कावाशिमा यांनी दहा वर्षं गाडीला हात न लावलेल्या मध्यमवयीन पुरुषांना दोन महिने मोटरसायकल चालवायला दिली, तर त्यांचे आकलनाच्या चाचण्यांतले गुण सुधारले. मात्र पहिल्या अभ्यासाला पैसा हार्ले-डेव्हिडसनने दिला होता आणि दुसरा यामाहाच्या सहकार्याने झाला होता, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

नजर किंवा गुडघे नाही म्हणत असतील, तर त्यांचं ऐकावं. ते ठीक असतील, तर गाडी ठेवायची की काढून टाकायची, हा निर्णय तिच्याकडे बघत घेऊ नये. चालवून आल्यावर घ्यावा. निघण्यापूर्वी मेंदू फक्त ओढीचा अंदाज सांगतो आणि साठीत तो हात आखडूनच सांगतो. आवडीचा निकाल फेरी झाल्याशिवाय लागत नाही. दोन-चार निवांत सकाळी गाडी काढून बघावी. परतल्यावर ‘का नाही काढत आपण रोज?’ असं वाटलं, तर अडचण फक्त भिंतीची होती. परतल्यावर ‘सुटलो’ असं वाटलं, तर आवडही गेली समजावं आणि मनाला काही लावून न घेता आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी एखाद्या पंचविशीतल्या मुलाला द्यावी. किंमत जरा चढीच सांगायला हरकत नाही. त्या वयात डोपामिन घासाघीस करू देत नाही.